संरचित फाईल आणि संहितेची विश्वसनीयता : पायथन भाषेतील वाचन-लेखनाचा विचार

शब्दसूची, संदर्भसूची, पाठभेदांची नोंद ही साहित्यसंशोधनातील कष्टाची, आणि म्हणूनच बहुधा दुर्लक्षित राहणारी कामे होत. एकेका शब्दासाठी एकेक चिठ्ठी करावी, चिठ्ठ्या वर्णक्रमाने लावाव्यात आणि वर्षानुवर्षे सांभाळाव्यात, अशी त्यांची जुनी रीत. रोबेर्तो बुसा या इटालियन धर्मगुरू-अभ्यासकाने थॉमस अक्वायनसच्या लॅटिन ग्रंथांच्या शब्दसूचीसाठी १९४९ मध्ये छिद्रपत्रे वापरणाऱ्या यंत्रांचे साहाय्य घेतले, तेव्हापासून या रीतीत मूलगामी बदल होऊ लागला. चिठ्ठीची जागा पुढे फाईलने घेतली. मराठीतही आता प्राचीन ग्रंथांच्या संहिता, कोशांतील नोंदी, नियतकालिकांच्या सूची संगणकावर उतरविल्या जात आहेत. मात्र फाईल ही केवळ साठवणुकीची पेटी आहे, तिच्यात ठेवलेले जसेच्या तसे परत मिळते, असा एक समज या कामात गृहीत धरलेला दिसतो. हा समज कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना या प्रश्नाचे स्वरूप नवे वाटणार नाही. पोथीची नक्कल करणारा लेखनिक प्रामाणिक असला तरी त्याच्या हातून अक्षर गळते, ओळ गळते, समासातील टीप संहितेत शिरते. कधी तो जुन्या रूपाच्या जागी आपल्या काळातील परिचित रूप घालतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे संशोधन केले आणि वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये जुन्या भाषारूपाचा आग्रह धरून आपली प्रत प्रसिद्ध केली. या दोन्हींच्या मागे प्रतीच्या विश्वसनीयतेचीच चिंता आहे. फाईल वाचून पुन्हा लिहिणारी आज्ञावली ही याच परंपरेतील एक नवा लेखनिक मानली पाहिजे. ती कंटाळत नाही हे खरे. पण ती चुकते तेव्हा एका ओळीत चुकत नाही, सर्व ग्रंथभर एकाच रीतीने चुकते. आणि त्या एकसारखेपणामुळेच तिची चूक नजरेस येणे अवघड होते.

प्रथम 'संरचित' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेणे इष्ट ठरेल. छापील कोशाचे पान उघडले की ठळक अक्षरांतील शब्द मुख्य, त्यापुढील संक्षेप व्याकरणाचा, कंसातील मजकूर व्युत्पत्तीचा, हे वाचकाला न सांगता कळते. संगणकाला हे कळत नाही. त्याच्यासमोर चिन्हांची एक सलग मालिका असते. मालिकेचा कोणता भाग कशाचा आहे, हे ठरावीक खुणांनी सांगितलेले असेल तर ती फाईल संरचित. अशा खुणांच्या तीन पद्धती आज सर्वत्र रूढ आहेत : स्वल्पविरामाने स्तंभ वेगळे करणारी सीएसव्ही, नावे व मूल्ये यांच्या जोड्यांची जेसन आणि कोनी कंसांतील खुणांची एक्सएमएल. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसृत केलेल्या पायथन या भाषेत तिन्हींच्या वाचन-लेखनाची साधने मुळातच समाविष्ट आहेत. मानव्यविद्यांच्या अभ्यासकांत ही भाषा प्रिय होण्याचे ते एक कारण म्हणता येईल.

पायथनमध्ये फाईल 'वाचणे' ही वस्तुतः दोन पायऱ्यांची क्रिया आहे. तबकडीवर असतात ते बाइट, म्हणजे ० ते २५५ यांमधील संख्या. पहिल्या पायरीवर या संख्यांचे लिपिचिन्हांत रूपांतर होते. दुसऱ्या पायरीवर त्या चिन्हांतून नोंदी, स्तंभ, ओव्या, टीपा अशी रचना उभी राहते. लिहिताना हाच प्रवास उलट दिशेने होतो. संहितेला अपाय दोन्ही पायऱ्यांवर होऊ शकतो. पहिल्या पायरीवरचा अपाय देवनागरीच्या संदर्भात अधिक सूक्ष्म असल्याने त्याकडे अधिक लक्ष दिले पाहिजे.

युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीत देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे क्रमांक राखलेले आहेत. यूटीएफ-८ या लेखनप्रकारात यांतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द उच्चारात चार अक्षरांचा. पायथनला त्याची लांबी विचारली तर उत्तर येते अकरा, कारण हलन्तचिन्ह, काना, मात्रा, वेलांटी ही सर्व तेथे स्वतंत्र चिन्हे आहेत. आणि फाईलमध्ये तोच शब्द तेहतीस बाइटांची जागा घेतो. चार, अकरा आणि तेहतीस या तिन्ही संख्या आपापल्या जागी बरोबर आहेत. छंदाचा अभ्यास करणाऱ्याने ओवीच्या चरणातील अक्षरे मोजण्यासाठी अकरा ही संख्या वापरली, तर निष्कर्ष अर्थातच निरर्थक ठरेल.

फाईल उघडताना ती कोणत्या संकेतपद्धतीत लिहिली आहे हे सांगितले नाही, तर पायथनच्या अनेक आवृत्त्या यंत्राच्या ठरीव पद्धतीवर विसंबतात. विंडोज प्रणालीत ही ठरीव पद्धत बहुधा पश्चिम युरोपीय भाषांसाठी घडविलेली असते. तीत २५६ पैकी काही जागा रिकाम्या आहेत, आणि योगायोग असा की देवनागरी हलन्तचिन्हाचा तिसरा बाइट नेमक्या अशाच एका रिकाम्या जागी पडतो. परिणामी पहिले जोडाक्षर येताच आज्ञावली थांबते. हा थांबा त्रासदायक वाटला तरी तो उपकारक आहे. धोका खरा निर्माण होतो तो त्यानंतर : अडथळा दूर व्हावा म्हणून अनेकजण 'चुकांकडे दुर्लक्ष करावे' हा पर्याय निवडतात. युरोपीय संकेतपद्धतीत लिहिण्यासाठी उघडलेल्या फाईलला हा पर्याय दिला, तर देवनागरीचे एकही चिन्ह तीत उतरत नाही, आणि तक्रारही येत नाही. वाचताना व लिहिताना संकेतपद्धतीचे नाव स्पष्ट सांगणे एवढाच यावरचा उपाय. तो एका शब्दाचा आहे आणि तरीही वारंवार विसरला जातो.

संकेतपद्धती अचूक सांगितल्यावरही प्रश्न संपत नाही. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' हे 'दरी'चे अनेकवचन. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या रूपांतील एकाचा संबंध विद्येशी, दुसऱ्याचा स्वयंपाकघराशी. रफार आणि अर्धा र यांतील हा भेद मराठी लेखनाचे वैशिष्ट्य होय. युनिकोडमध्ये अर्धा र तीन प्रकारे लिहिलेला आढळतो : 'ऱ' या एकसंध चिन्हाला हलन्तचिन्ह जोडून, 'र', नुक्ता आणि हलन्तचिन्ह असे तीन तुकडे ठेवून, किंवा 'र' आणि हलन्तचिन्ह यांच्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह घालून. डोळ्याला तिन्ही रूपे एकच दिसतात. पायथनला मात्र ती तीन वेगळी रूपे आहेत. 'दुसऱ्या' हा शब्द पहिल्या प्रकारे सात चिन्हांचा होतो, उरलेल्या दोन्ही प्रकारे आठ चिन्हांचा. तीन टंकलेखकांनी टंकलेली संहिता एकत्र केली की शब्दसूचीत 'दुसऱ्या' तीनदा येतो आणि प्रत्येकापुढे अपुरी संख्या पडते.

पहिली दोन रूपे एक करण्यासाठी पायथनमध्ये युनिकोडच्या नियमांनुसार प्रमाणीकरणाची सोय आहे. तिसरे रूप मात्र त्या नियमांच्या कक्षेत येत नाही. ते अभ्यासकाने स्वतः नियम करून बदलावे लागते. येथेच उतावीळपणा घात करतो. शून्य रुंदीची चिन्हे म्हणजे निरुपयोगी कचरा, असे मानून ती सरसकट पुसण्याचा प्रघात आहे. तसे केले की तिसऱ्या प्रकारे लिहिलेल्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि डोंगराळ मुलखाच्या वर्णनात समुद्र अवतरतो. हिंदी मजकुरासाठी केलेल्या काही आज्ञावलींत नुक्ता काढून टाकण्याची सोय असते; ती मराठीवर चालविली तर दुसऱ्या प्रकारच्या रूपांची हीच गत होते. 'ॲ' या स्वराचीही अशीच दोन रूपे आढळतात. त्याला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला, आणि 'अ'ला चंद्र जोडून केलेले रूप प्रमाणीकरणाने त्याच्याशी एकरूप होत नाही. याच जातीचा आणखी एक दोष शब्द वेगळे काढताना दिसतो. पायथनच्या मूळ नमुनाशोधनात 'शब्दातील चिन्ह' या वर्गात काना व वेलांटी यांचा समावेश होत नाही. त्यामुळे 'मराठी' या शब्दातून 'मर' आणि 'ठ' असे दोन 'शब्द' हाती येतात. अशा रीतीने केलेल्या वारंवारितेच्या तक्त्यांवर शैलीविषयक विधाने करणे किती धाडसाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आता दुसऱ्या पायरीकडे वळता येईल. सीएसव्ही हा प्रकार सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत फसवा. लेखक, ग्रंथ, प्रकाशनवर्ष असे तीन स्तंभ असलेल्या सूचीत पुढील ओळ आहे असे समजावे :

खांडेकर, वि. स.,ययाति,१९५९

मराठी सूचींत आडनाव आधी लिहून स्वल्पविराम देण्याची रीत आहे. स्वल्पविराम दिसेल तेथे ओळ तोडणारी आज्ञावली येथे चार स्तंभ करील, आणि 'ययाति' वर्षाच्या स्तंभात जाऊन बसेल. नाव दुहेरी अवतरणांत ठेवले की हा दोष टळतो. त्यासाठी ओळ हाताने न तोडता पायथनमधील सीएसव्हीचे साधन वापरले पाहिजे. अवतरणांचा अर्थ त्याला कळतो, इतकेच नव्हे तर अवतरणांतील ओळबदलही ते एकाच नोंदीचा भाग मानते. फाईल उघडताना ओळबदलात ढवळाढवळ करू नये, अशी सूचना त्यासाठी द्यावी लागते.

पायथनचे हे साधन प्रत्येक स्तंभ मजकूर म्हणूनच वाचते, ही त्याची तटस्थता मोलाची आहे. तीच फाईल तक्त्याच्या लोकप्रिय आज्ञावलीत उघडली की ती आपण होऊन अर्थ लावू लागते. पहिल्या अध्यायातील दहावी ओवी 'एक बिंदू दहा' अशी इंग्रजी अंकांत नोंदविलेली असेल, तर तिला ती दशांश अपूर्णांक समजते आणि शेवटचे शून्य टाकून देते. दहावी ओवी पहिली होते. बिंदूऐवजी आडवी रेघ वापरली तर संदर्भाची तारीख बनते. फाईल पाहण्यासाठी उघडली आणि सहज जतन केली, एवढ्यानेही सर्व संदर्भ बिघडतात. अध्याय आणि ओवी यांसाठी दोन वेगळे स्तंभ ठेवणे हा यावरचा साधा मार्ग आहे. देवनागरी अंकांबाबत पायथन उदार आहे. '१२' या मजकुराचे ते बारा या संख्येत बिनतक्रार रूपांतर करते. तसे रूपांतर न करता क्रम लावला, तर मात्र 'दहा' हा 'दोन'च्या आधी येतो.

वर्णक्रमाचे दुखणे याहून जुने आहे. युनिकोडच्या क्रमांकांत 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या दरम्यान येतो. मराठी वर्णमालेत त्याचे स्थान 'ह'नंतर. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना तर स्वतंत्र क्रमांकच नाहीत. पायथनची सहज क्रमवारी मराठी कोशाची क्रमवारी नव्हे. ती हवी असल्यास संपादकाने आपला वर्णक्रम आज्ञावलीला लिहून द्यावा लागतो.

जेसन या प्रकारात नोंदीच्या पोटात नोंद ठेवता येते. कोशासाठी तो सोयीचा वाटतो. पण शब्द हेच नोंदीचे नाव आणि अर्थ हे त्याचे मूल्य, अशी रचना केली की एक गंभीर हानी संभवते. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारी देणे या दोन वेगळ्या नोंदी होत. एकाच नावाच्या दोन जोड्या आढळल्या तर पायथनचे जेसन-साधन शेवटची जोडी ठेवते आणि आधीची सोडून देते, तेही एका शब्दाची सूचना न देता. कोशकाराने महत्प्रयासाने वेगळे केलेले समरूप शब्द वाचनाच्या एका आज्ञेत नाहीसे होतात. म्हणून कोशाच्या नोंदी अनुक्रमांकासह यादीच्या स्वरूपात ठेवाव्यात. शब्द हे त्या नोंदीतील अनेक घटकांपैकी एक असावे. लिहिताना याच साधनाची आणखी एक सवय ध्यानात ठेवावी लागते. स्पष्ट मनाई केली नाही तर ते प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी रोमन अक्षरे व अंक यांचा संकेत लिहिते. विदा अबाधित राहते, परंतु फाईल मानवी डोळ्यांना अवाचनीय होते, आणि ज्या प्राध्यापकाने मुद्रितशोधन करावयाचे त्याच्या हातून ती जाते.

पाठभेदयुक्त संहितेसाठी एक्सएमएल हाच आजवरचा सर्वांत समर्थ प्रकार होय. १९९८ मध्ये तो प्रमाणित झाला. मानव्यविद्यांच्या संहितांसाठी खुणांची जी संहिता १९८७ पासून टीईआय या नावाने विकसित होत आली, तिने पुढे त्याचाच आश्रय घेतला. खुणांची नावे देवनागरीतही देता येतात. उदाहरणादाखल रचलेले एक वाक्य पाहावे :

<वाक्य>त्याने दोन दऱ्या<टीप>ख प्रतीत 'डोंगर'</टीप> ओलांडल्या आणि गाव गाठले.</वाक्य>

पायथनमधील एक्सएमएलचे मूळ साधन हे वाक्य एका वृक्षाच्या रूपात वाचते. 'त्याने दोन दऱ्या' हा मजकूर 'वाक्य' या घटकाचा ठरतो. त्यापुढचा 'ओलांडल्या आणि गाव गाठले' हा मजकूर मात्र 'वाक्य'कडे न जाता 'टीप' या घटकाला शेपटासारखा जोडला जातो. टीपेच्या आतील मजकूर वेगळा आणि टीपेनंतरचा वेगळा, पण दोन्हींचा धनी टीपच. टीपांविरहित स्वच्छ संहिता हवी म्हणून अभ्यासकाने 'टीप' घटक काढून टाकला, तर शेपूटही त्याबरोबर जाते. उरते ते एवढेच : 'त्याने दोन दऱ्या'. आज्ञावली कोणतीही चूक दाखवीत नाही, कारण तिच्या दृष्टीने काही चुकलेले नसते. जेथे टीप ओळीच्या शेवटी आहे तेथे अपाय होत नाही, जेथे मध्ये आहे तेथे अर्धी ओळ जाते. म्हणजे पाठभेदांमुळे जी स्थळे चिकित्सेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, नेमकी तीच खंडित होतात. घटक काढण्यापूर्वी त्याचे शेपूट मागील मजकुराला जोडून घेणे हा यावरचा उपाय. तो दोन-चार ओळींचा आहे, परंतु तो करावयाचा असतो हे आधी ठाऊक हवे. याखेरीज, संपादकाने फाईलमध्ये स्वतःसाठी लिहून ठेवलेले शेरे हे साधन वाचताना सोडून देते. 'येथे मूळ प्रत फाटलेली' असा शेरा त्या स्वरूपात ठेवला असेल, तर पुनर्लेखनानंतर तो सापडणार नाही. महत्त्वाचा शेरा रीतसर खुणेतच असला पाहिजे.

वृक्षाच्या या रचनेची एक मर्यादा मराठी काव्याच्या संदर्भात विशेष जाणवते. एक्सएमएलमध्ये एक घटक दुसऱ्याच्या पूर्णपणे आत असावा लागतो. दोन घटक एकमेकांना अर्धवट छेदू शकत नाहीत. ओवीबद्ध ग्रंथात वाक्य अनेकदा एका ओवीत सुरू होऊन पुढच्या ओवीत पूर्ण होते. ओवी हा घटक मानला की वाक्य तुटते, वाक्य हा घटक मानला की ओवी तुटते. टीईआयने यासाठी सुचविलेला एक मार्ग असा की, दोहोंपैकी एकाला घटकाचा मान द्यावा आणि दुसऱ्याच्या सीमा रिकाम्या खुणांनी, मैलाच्या दगडांप्रमाणे, दाखवाव्यात. हा निर्णय तांत्रिक दिसला तरी तो वाङ्मयीन आहे : ग्रंथाचे एकक छंद की अर्थ, या प्रश्नाचे उत्तर संपादक त्यात देत असतो. तो आज्ञावलीकारावर सोपविणे योग्य होणार नाही.

एवढी विघ्ने संभवतात तर प्रतीची परीक्षा करावी कशी? तिची रीत सोपी आहे. फाईल वाचावी, काहीही न बदलता नव्या नावाने लिहावी, ती नवी फाईल पुन्हा वाचावी आणि दोन्ही वाचनांची आज्ञावलीकडूनच तुलना करावी. तुलना बाइटांची नको. अवतरणे, मोकळ्या जागा, ओळबदल यांत निरुपद्रवी फरक पडतात. तुलना नोंदींची, त्यांच्या संख्येची आणि प्रत्येक नोंदीतील चिन्हांची हवी. मात्र या परीक्षेत एक उणीव राहते : जे पहिल्याच वाचनात गळाले, ते दोन्ही वाचनांत सारखेच अनुपस्थित असते. 'कर'ची गळालेली नोंद किंवा एक्सएमएलमधील शेरा यांचा पत्ता तिला लागणार नाही. म्हणून मूळ फाईलमधील नोंदींची संख्या स्वतंत्र मार्गाने मोजून ताडून पाहावी, आणि काही पाने छापील किंवा हस्तलिखित मूळाशी डोळ्यांनी पडताळावी.

मूळ फाईलवरच लिहू नये, हा नियमही याच परीक्षेशी निगडित आहे. लिहिण्यासाठी उघडताच पायथन जुनी फाईल तत्क्षणी रिकामी करते. नंतर पहिल्याच नोंदीला आज्ञावली अडखळली तर जुनी प्रत गेलेली असते आणि नवी झालेली नसते. लेखन वेगळ्या नावाने पूर्ण करून, पडताळून, मगच नाव बदलावे.

या सर्व दक्षतेची खरी निकड आज जुन्या अक्षरजुळणीच्या बाबतीत आहे. १९९० च्या दशकात व त्यानंतरही श्रीलिपी, आकृती यांसारख्या साधनांवर असंख्य मराठी ग्रंथांची जुळणी झाली. त्या फाईलींत अक्षरांचे संकेत नसून आकारांचे संकेत आहेत. 'कि' मध्ये वेलांटीचा आकार आधी येतो आणि 'क' नंतर. युनिकोडमध्ये क्रम याच्या उलट. रफाराचा आकार अक्षरानंतर नोंदलेला असतो, युनिकोडमध्ये त्याचा 'र' आधी हवा. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला वेलांटी किती अक्षरे ओलांडून न्यावयाची आणि रफार कोठवर मागे आणावयाचा, हे जोडाक्षरांच्या नियमांवरून ठरवावे लागते, आणि 'स्थिती', 'कीर्ती', 'वर्णित' अशा शब्दांवर तिची परीक्षा होते. ज्यांच्या छापील प्रती आज दुर्मिळ आहेत अशा ग्रंथांच्या बाबतीत हे रूपांतर एकदाच होईल आणि पुढील अभ्यासक त्याच फाईलवर विसंबतील. म्हणून मूळ आकार-संकेतांची फाईल, रूपांतराची आज्ञावली आणि रूपांतरित संहिता ही तिन्ही एकत्र जपली पाहिजेत. आणि कोणत्या तारखेस, आज्ञावलीच्या कोणत्या आवृत्तीने, कोणते नियम लावून रूपांतर केले याची नोंद संहितेच्या आरंभीच असली पाहिजे. टीईआयच्या फाईलमध्ये अशा नोंदीसाठी शीर्षभागात स्वतंत्र जागा राखलेली आहे.